झाडाचे वय विचारण्याआधी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाची पहिली मोठी सर कोसळली की आपल्या दैनिकात झाडांच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्या बहुतेक पडलेल्या झाडांच्या असतात. झाड कोणत्या मोटारीवर पडले, रस्ता किती वेळ बंद राहिला, अग्निशमन दलाचे जवान किती वाजता पोहोचले, हे सारे त्यांत तपशिलाने दिलेले असते. झाड कोणते होते हे मात्र क्वचितच कळते, ‘एक मोठे झाड’ एवढ्यावर भागवले जाते. त्यामुळे गेल्या रविवारच्या अंकात आपण उभ्या असलेल्या, धडधाकट झाडांना अर्धे पान दिलेत याचा मला मनापासून आनंद झाला. राज्यातील जुन्या वृक्षांची ती ओळख मी दोनदा वाचली आणि कात्रण काढून ठेवले. परंतु त्या पानावर प्रत्येक छायाचित्राखाली दोनच गोष्टी दिल्या होत्या, झाडाचे अंदाजे वय आणि खोडाचा घेर. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षे नोकरी केली. मोजणे हाच माझा धंदा होता, तेव्हा मोजमापाविषयी माझ्या मनात अढी असण्याचे कारण नाही. उलट साखळी खांद्यावर टाकून बांधाबांधाने हिंडलो म्हणूनच मला झाडे पाहायला मिळाली, कारण खेड्यातला माणूस आपली हद्द दगडापेक्षा झाडाच्या खुणेने अधिक खात्रीने दाखवतो. मात्र त्याच अनुभवाच्या बळावर सांगतो की, ज्या झाडांपुढे मी काम थांबवून उभा राहिलो, त्यांपैकी बहुतेकांचे वय मला सांगता आले नसते, आणि काहींचे तर ते कोणालाच सांगता येणार नाही.

वयाचे हे माहात्म्य अलीकडे कायद्यानेही वाढवले आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम हा १९७५ सालचा. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असे झाड तोडण्याची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. दुरुस्ती चांगली आहे, तिने काही झाडे वाचवलीही असतील. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि मोजणीच्या माणसाला रेघेची सोय चांगली ठाऊक असते. पण सरकारी कामाची रेघ हळूहळू आपल्या कुतूहलाचीही हद्द होऊन बसते, तसे काहीसे इथे होऊ लागले आहे. झाड पन्नाशीच्या आतले असेल तर ते पाहण्यासारखे नाही, अशी समजूत मी आता सुशिक्षित लोकांच्या तोंडूनही ऐकतो.

सिंधुदुर्गात असताना मी ज्या घरात भाड्याने राहिलो त्याच्या परसात एक भेरली माड होता. काही लोक त्याला सुरमाड म्हणतात. याची पाने माशाच्या शेपटीसारखी फाटलेली असतात, म्हणून समारंभाच्या सजावटीला ती हमखास तोडून नेतात. हा माड अनेक वर्षे फुलाचे नावही न काढता वाढत राहतो आणि मग एके वर्षी अगदी शेंड्याजवळ पहिला तुरा टाकतो. तुरा म्हणजे घोड्याच्या शेपटीसारखा लांबलचक झुबका. दुसरा तुरा त्याच्या खालच्या पानाच्या बगलेत येतो, तिसरा त्याच्याही खाली. असे करत करत फुलोरा वरून खाली उतरत येतो, आणि शेवटचा सर्वांत खालचा तुरा पिकला की झाड मरते. मी त्या घरात गेलो तेव्हा चौथा तुरा लोंबत होता. घरमालकीणबाई त्याच्याकडे बोट दाखवून अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या, “आता ह्येचा परतीचा प्रवास सुरू झालो.” ज्याच्या देहावर त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब असा उघड लिहिलेला असतो, ते हे झाड सहसा पन्नाशी गाठतच नाही. म्हणजे वारसा ठरण्याच्या आधीच ते आपले सगळे आश्चर्य दाखवून मोकळे होते. माडाच्या खोडात वर्षाची वलयेही नसतात, त्यामुळे तोडून पाहिले तरी वय कळायचे नाही.

वडाची गोष्ट याच्या उलट टोकाची. नोकरीच्या पहिल्याच काही वर्षांत माझ्याकडे दोन चुलतभावांच्या वादाची मोजणी आली होती. बांधावर एक वड होता आणि तो कोणाच्या गटात येतो एवढाच प्रश्न होता. मी टेबल लावले, साखळी टाकली आणि दोघांनाही मूळ खोड दाखवायला सांगितले. थोरल्याने एका खोडावर हात ठेवला, धाकट्याने तिथून चाळीस पावलांवरच्या दुसऱ्या खोडावर. दोघेही खोटे बोलत नव्हते. पारंब्या जमिनीत उतरून इतक्या जाड झाल्या होत्या की त्यांतील पारंबी कोणती आणि खोड कोणते हे ओळखण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता. दोघांच्याही आजोबांनी आपापल्या बाजूचे खोड मूळ म्हणून सांगितले होते. मी सारी खोडे नकाशावर ठिपक्यांनी दाखवली आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे याचा दुपारभर विचार करत त्याच सावलीत डबा खाल्ला.

पुढे कोलकात्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाविषयी वाचले तेव्हा ती दुपार आठवली. त्या वडाला १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी तडाखे दिले, जखमांतून बुरशी शिरली आणि मूळ खोड कुजल्यामुळे ते १९२५ साली काढून टाकावे लागले. खोड नसलेला तो वड आज शंभर वर्षे पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतोही आहे. आता या झाडाचे वय कोठून धरायचे? जे खोड राहिलेच नाही त्याच्या जन्मापासून, की आज जे त्याला तोलून धरतात त्या पारंब्यांच्या? आंध्र प्रदेशातील तिम्मम्मा मर्रिमानु हा वड त्याच्याहून मोठा, गिनेस बुकात विस्तारासाठी नोंदवलेला. आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड आहे, ज्याचा पसारा एकरांत सांगतात. या झाडांपुढे ‘खोडाचा घेर’ हा रकाना कसा भरायचा ते मला चौतीस वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता येणार नाही.

घेराचाच विषय निघाला म्हणून गोरखचिंचेविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपल्या पानावरही तिलाच सर्वांत मोठे छायाचित्र मिळाले होते. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. ते समुद्रमार्गे व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आले आणि इथे इतके रुजले की त्याला नाथपंथातले नाव मिळाले. गोरखनाथांनी याच्या सावलीत शिष्यांना उपदेश केला अशी समजूत आहे. चिंचेशी याचे नाते आंबट गरापुरतेच. मध्य प्रदेशात मांडूला गेलेल्या प्रत्येकाने ती भली थोरली, मखमली सालीची फळे रस्त्याकडेला विकायला ठेवलेली पाहिली असतील. तिथे तिला खुरासानी इमली म्हणतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर गावी हेच झाड पारिजात म्हणून पुजले जाते, आणि हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील अजस्र झाडाला लोक ‘हत्तियाँ का झाड’ म्हणतात. एकाच पाहुण्याला ठिकठिकाणी अशी निरनिराळी नावे देऊन आपण घरात घेतले.

या झाडाचे लाकूड मऊ, स्पंजासारखे असते. त्यात पाणी साठते, पावसाळ्यात खोड फुगते आणि उन्हाळ्यात थोडे आक्रसते, त्यामुळे घेर फिता लावून मोजला तरी तो कोणत्या महिन्यात मोजला हे सांगावे लागेल. वलयांवर विसंबता येत नाही, म्हणून संशोधक खोडाच्या आतील पोकळीतून लाकडाचे नमुने घेऊन कार्बन पद्धतीने वय काढतात. त्यातून कळले ते असे की, आपल्याला जे एक प्रचंड खोड वाटते ते अनेकदा कितीतरी खोडे एकमेकांना चिकटून झालेले असते. म्हणजे इथेही मूळ खोड कोणते, हा त्या चुलतभावांचाच प्रश्न. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ त्याआधीच्या बारा-तेरा वर्षांत मेल्या किंवा त्यांचे जुने भाग कोसळले असे दाखवून दिले, आणि हजारो वर्षे टिकलेली झाडे डोळ्यांदेखत जाऊ शकतात हे जगाच्या लक्षात आले.

२०२४ च्या मे महिन्यात मुंबईत सांताक्रूझच्या स्वामी विवेकानंद मार्गावरील गोरखचिंच मेट्रोच्या कामासाठी तोडली गेली. तेव्हा वृत्तपत्रांनी तिचे वय तीनशे वर्षे असल्याचे छापले आणि त्या आकड्यावरून बराच खल झाला. आकडा खरा की खोटा यावर दोन्ही बाजूंनी पत्रे आली. मला त्या साऱ्या चर्चेत एकच गोष्ट खटकली. ते झाड दरवर्षी पावसाच्या तोंडावर फुलत असे, आणि त्या फुलांविषयी कोणी एक ओळही लिहिली नाही.

गोरखचिंचेचे फूल मी प्रथम राणीच्या बागेत पाहिले, तेही जमिनीवर. जूनच्या एका सकाळी झाडाखाली तळहाताएवढे पांढरे फूल पडले होते, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या होत्या आणि मधोमध केसरांचा गोंडा होता, जुन्या काळी पावडर लावायला असे तसल्या मऊ फुलासारखा. उचलून नाकाशी नेले तर वास आंबूस, काहीसा नकोसाच. नंतर समजले की हे फूल लांब देठावर उलटे लोंबते, संध्याकाळी उमलते आणि रात्री फलाहारी वटवाघळांची वाट पाहते. सकाळी आपल्याला दिसते ते कार्यक्रम आटोपल्यावरचे. इतक्या अवाढव्य झाडाचे काम एका रात्रीच्या फुलावर आणि वटवाघळांच्या मर्जीवर अवलंबून असते. त्या झाडाखालून मी कित्येक वर्षे गेलो असेन, पण खोडाला किती माणसांची कवळ बसेल याचाच अंदाज करत.

मेळघाटातील कांडोळ हा माझा आवडता वृक्ष, आणि त्याच्यासंबंधी मी थोडे पाल्हाळ लावले तर क्षमा असावी. याला पांढरूख म्हणतात, भुत्याही म्हणतात, विदर्भात कुलू. धारणी तालुक्यात आमचा मुक्काम होता आणि चैत्री पौर्णिमेच्या रात्री आम्ही एका पाड्यावरून पायी परत येत होतो. समोरच्या उघड्या डोंगरउतारावर पाच-सहा पांढऱ्या आकृत्या हात पसरून उभ्या होत्या. आमचा साखळी धरणारा मदतनीस नागपूरकडचा, तो जागीच थांबला आणि पुढे यायला तयार होईना. बरोबरचे कोरकू सोबती खो खो हसले. त्यांच्यातला एक जण धावत वर गेला आणि त्यातल्या एका ‘भुता’ला मिठी मारून उभा राहिला, तेव्हा कोठे आमची मिरवणूक हलली.

सकाळी मी मुद्दाम एकटा वर गेलो. झाडावर एकही पान नव्हते. खोड गुळगुळीत, पांढुरके, मधून हिरवट झाक असलेले, आणि बाकीचा डोंगर तापू लागला असताना हाताला चक्क गार लागणारे. वरची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. एक पापुद्रा बोटाला चिकटून आला आणि उन्हात धरला तर त्यातून पलीकडचे दिसत होते. फांद्यांच्या टोकांना लाल मखमली फळे होती, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी. ती इतकी सुंदर दिसत होती की मी एक तोडले, आणि संध्याकाळपर्यंत तळहात चोळत बसलो. त्या मखमलीत खाजकुयलीसारखे बारीक काटे असतात. ही गोष्ट कोरकू मुलांना चालायला लागल्यापासून ठाऊक असते, सरकारी नोकराला ती हातानेच शिकावी लागते.

रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढून सुशोभीकरण करणाऱ्यांनी एकदा हे झाड पाहावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. असो. कांडोळाच्या खोडावर घाव घातला की डिंक पाझरतो. तो पाण्यात टाकला की विरघळण्याऐवजी फुगतो, म्हणून पोटाच्या औषधांत, खाद्यपदार्थांत आणि कवळी घट्ट बसवण्याच्या पावडरीत त्याला जगभर मागणी असते. माझ्या वयाच्या माणसाने या झाडाला नमस्कार करावा यासाठी तेवढेही कारण पुरेसे आहे. पण मागणी वाढली तसे कुऱ्हाडीचे घावही वाढले. डिंकासाठी खोल आणि वारंवार घाव घातल्यामुळे अनेक ठिकाणची कांडोळे वाळून गेली. मी ज्या उतारावर त्या रात्री पाच-सहा आकृत्या पाहिल्या तिथे नोकरी संपण्याच्या वर्षी पुन्हा गेलो होतो, तेव्हा दोन उरल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या कमरेपाशी हातभर लांबीची काळी जखम होती. या झाडांची वये काय होती, हे विचारण्याचे मला तेव्हाही सुचले नाही.

याच्या अगदी उलट, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे झाडे एकेकटी पाहण्यात अर्थच नाही. तिथे रानजायफळांची दलदल आहे. संथ पाण्यात आणि चिखलात उभ्या राहणाऱ्या या झाडांना मुळांवाटे हवा घेता यावी म्हणून त्यांची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली जातात. अशा शेकडो गुडघ्यांमधून वाट काढत जाताना आपण एखाद्या बसलेल्या पंगतीतून पाय जपत चाललो आहोत असे वाटते. गावकऱ्यांनी ती राई देवाची म्हणून राखली, आणि २०२१ साली राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर, मी यापेक्षा मोठे गट एका सकाळी मोजलेले आहेत. सीमेपलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राय अशीच, देवाच्या नावाने राहिलेली. इथे एखाद्या झाडाचा घेर मोजून त्याला पहिला क्रमांक देणे म्हणजे दिंडीतल्या एकाच वारकऱ्याचा सत्कार करण्यासारखे होईल.

कैलासपतीच्या बुंध्यातूनच फुटणाऱ्या फुलांविषयी किंवा कृष्णवडाच्या द्रोणासारख्या पानांविषयी मी इथे लिहीत नाही, कारण ती झाडे बागांतून लावलेली असतात आणि त्यांना पाहणाऱ्यांची वाण नाही. मला त्या झाडाविषयी लिहायचे आहे जे कोणी लावलेले नाही आणि जे पाहायला कोणी जात नाही, ते म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतचा टेटू.

निवृत्तीनंतर मी ठाण्यात राहतो. इमारत झाली तेव्हा मागे पडीक जागा होती आणि येऊरच्या डोंगराकडून कधीतरी एखादे बी उडत आले असावे. टेटूच्या बियांना कागदासारखे पातळ, पारदर्शक पंख असतात. झाड उंच, सडपातळ, फांद्या मोजक्याच. पाने मात्र हातभराहून लांब, अनेक पानांचे मिळून झालेले एक पान. ती गळताना तुकड्यातुकड्याने गळतात आणि बुंध्याशी त्यांच्या देठांचा ढीग हाडांसारखा साचतो. हिवाळ्यात त्यावर दोन-तीन फूट लांबीच्या, चपट्या, तलवारीसारख्या शेंगा लोंबतात. आयुर्वेदातील दशमुळांपैकी श्योनाक तो हाच, आणि मुळाच्या सालीसाठी तो रानातून इतका खणला गेला आहे की आता पूर्वीसारखा सर्रास दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी हे झाड तोडण्यासाठी आमच्याकडे विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. तक्रारी तीन होत्या. तलवारीसारख्या शेंगा अशुभ दिसतात, देठांचा कचरा होतो, आणि पावसाळ्यात रात्री दुर्गंधी येते. गणसंख्या नसल्याने सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्या अर्ध्या तासात मी सचिवांकडे एकच विनंती केली, की दुर्गंधी कशाची ते गच्चीवरून एकदा पाहावे आणि मग ठरवावे. दिवस आषाढाचे होते, पाऊस दोन दिवस उघडला होता. रात्री नऊ वाजता आम्ही सात जण प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन गच्चीवर बसलो. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी होत्या, शेंगांना अशुभ म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

टेटूचे तुरे झाडाच्या डोक्यावर सरळ वर येतात, त्यामुळे आमच्या गच्चीच्या कठड्यावरून ते अगदी समोर होते. फुले चामड्यासारखी जाड, बाहेरून जांभळट तांबडी, आतून फिकट. एका तुऱ्यावर त्या रात्री एक-दोनच उमललेली होती, आणि वास खरोखरच चांगला नव्हता. साडेनऊच्या सुमारास पहिले वटवाघूळ आले. ते फुलावर आदळल्यासारखे बसले, जड तुरा त्याच्या वजनाने खाली झुकला, आणि आम्ही ‘ते बघा’ म्हणेपर्यंत ते उडून गेले होते, तुरा अजून हलत होता. मग दुसरे आले, मग एकदम दोन. प्रत्येक भेट क्षणार्धाची. बॅटरी पाडायची नाही असे मी बजावले होते, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढेच पाहायचे होते. कोणी बोलत नव्हते. साडेदहाला मी उठलो तर आजी म्हणाल्या, “अहो, बसा की. अठरा झाली, वीस होऊ द्यात.” त्या मोजत होत्या! मी चौतीस वर्षे मोजणी केली आणि मला मात्र आकडा ठेवायचे भान राहिले नव्हते.

पहाटे ती सारी फुले खाली पडलेली असतात. मोटारींच्या टपांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. दुसऱ्या सभेत ठराव मागे घेण्यात आला. टाकीवर आलेली एक फांदी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन छाटली, एवढेच. हे झाड तीस वर्षांचेही नसेल. मुंडाशाच्या कापडाने घेर मोजला तर कापड बरेच उरेल. आपल्या रविवारच्या पानावर त्याला जागा मिळण्याचा कोणताच निकष त्याच्यापाशी नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपण आठवड्यातून एकदा, अगदी चार-सहा ओळींची का होईना, एक चौकट छापावी आणि तीत त्या आठवड्यात आसपासचे कोणते झाड काय करीत आहे एवढेच सांगावे. पंचांगात तिथी-नक्षत्र असते तसे. माघात पळस, फाल्गुनात काटेसावरीवर जमलेले पक्षी, वैशाखात पानाविना फुललेले जे जे काही असेल ते, आणि पावसाच्या तोंडावर गोरखचिंच. वय आणि घेर जरूर द्या, पण शेवटी द्या, आणि खात्री नसेल तिथे देऊच नका. नाव मात्र नेमके द्या. आसुपालवाला अशोक म्हणून लावलेल्या पाट्या मी सार्वजनिक बागांतून इतक्या पाहिल्या आहेत की खऱ्या सीतेच्या अशोकाला आता ओळख पटवून द्यावी लागत असेल. आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. बांबर्ड्यासारख्या नाजूक जागांचा, किंवा डिंकासाठी, मुळांसाठी तोडल्या जाणाऱ्या झाडांचा नेमका ठावठिकाणा छापू नये. चिखलात शंभर माणसे एका रविवारी उतरली तर मुळांचे ते गुडघे तुडवले जायला वेळ लागणार नाही. त्यांच्याविषयी लिहावे, पत्ता देऊ नये. रस्त्याकडेची, बागेतली, शाळेच्या आवारातली झाडे त्यासाठी पुष्कळ आहेत.

झाडांभोवती सिमेंटचे पार बांधून त्यांच्या मुळांचा श्वास कोंडणे, खोडांना खिळे ठोकून जाहिराती लावणे, दिव्यांच्या माळा गुंडाळणे, याविषयी आपल्याकडे इतरांची पत्रे येतच असतील, त्यामुळे ते मी इथे उगाळत नाही.

पहिल्या चौकटीसाठी आमचा टेटू सुचवतो. या वर्षी त्याला सात तुरे आले आहेत आणि खालून उमलत आलेली फुले आता निम्म्यापर्यंत पोहोचली आहेत, म्हणजे आणखी दोन-अडीच आठवडे तरी कार्यक्रम चालेल. नव्या कार्यकारिणीने पाहुण्यांना गच्चीवर येऊ देण्यास मान्यता दिली आहे; पाऊस नसेल त्या रात्री नऊनंतर यावे, बॅटरी आणू नये. सोसायटीचा पत्ता आपल्या बातमीदारासाठी वेगळ्या चिठ्ठीवर सोबत जोडला आहे. खुर्च्या आमच्याकडे आहेत. आजी यंदाही येणार आहेत आणि त्यांनी या वेळी वही घेतली आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त भूकरमापक, ठाणे